खळं कोणाच्या डोक्याभोवती

आक्का, तुमची काठी मी घेतली. विचारायला तुम्ही नव्हता, म्हणून न विचारता घेतली. दारामागं तुम्ही ठेवली होती तिथंच होती, आणि मुठीपाशी तुमच्या हाताचा तेलकटपणा अजून होता. वर जाऊन आल्यावर परत तिथंच ठेवली. मग वाटलं, सगळं तुम्हाला सांगावं. तोंडानं मला कधी जमलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. चौथीपर्यंत शिकले, ते आज कामी आणते. वही लेकीची आहे, मागची पानं कोरी होती.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि कारवी फुलली. तापात पडायच्या आधी तुम्ही अंगणातून डोंगराकडं बोट दाखवून म्हणाला होतात, "यंदा मोहरनार बघ धाकले, गाठी धरल्यात." सात वर्षांतून एकदा फुलणार, आणि तुम्ही अठरा दिवसांनी चुकलात. आता सगळा उतार जांभळा झाला आहे. सकाळी ऊन आलं की मधमाशांचा आवाज घरापर्यंत येतो, जशी दूर कुठं चक्की चालू असावी. मी भांडी घासता घासता थांबते. कुणाला दाखवू हे कळत नाही.

मागच्या खेपेला कारवी फुलली ते साल आपण दोघी विसरलो नाही, आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. मला तेच सांगायचं आहे. पण आधी कड्याचं सांगते, नाहीतर मला धीर व्हायचा नाही.

तुमची जाऊ होऊन मी ह्या गावात नांदायला आले तेव्हा डोंगर म्हणजे सरपण, हिरडा आणि करवंदं. हिरडीच्या माळापर्यंत जायचं, ओझं बांधायचं, उतरायचं. त्याच्या वर काय आहे ते मी अकरा वर्षं पाहिलं नव्हतं. शहरातली माणसं पाठीला पिशव्या लावून येतात, घाम गाळून वर जातात आणि रिकाम्या हातानं परत येतात, ना सरपण ना फळ, ह्याचं मला हसू यायचं. तुम्ही त्यांना वाट दाखवायला जायचा, मी त्यांच्या नागलीच्या भाकरी थापायची. ती माणसं ओसरीवर जेवायला बसली की मी चुलीपाशीच बसायची, ताट तुम्ही न्यायचा.

एकदा मी विचारलं, "वर असं काय हाय ओ आक्का?"

तुम्ही म्हणालात, "काय न्हाई. तेच बघाया येत्यात."

आणि दोन दिवसांनी म्हणालात, "उद्या चार भाकरी जादा कर. तू येतीस."

दिवस उगवायच्या आधी निघालो. हिरडीचा माळ झाला, ओढा झाला, मग ते रान सुरू झालं जिथं आभाळ दिसत नाही. तुम्ही मान वर न करता सांगत होतात, "हे शेकराचं घरटं. हे जुनं. हे औंदाचं." मी वर बघायची तेव्हा ते खरंच तिथं असायचं. खाली पायवाट दिसत नव्हती, नुसता पाला होता, आणि तुम्ही अशा चालत होतात जशी मी स्वयंपाकघरात अंधारात मिठाच्या बरणीला हात घालते.

कड्याच्या अलीकडं पन्नास पावलांवर तुम्ही चपला काढायला लावल्यात. मी हात जोडले.

"अगं देव न्हाई हितं," तुम्ही हसलात. "पायाला दगूड कळाया पायजे. वला हाय का सुका, बसलाय का हालतोय. चपलीला काय कळतंय?"

मग कडेपासून दहा पावलांवर पालथं व्हायला सांगितलंत. मी लुगड्याचा ओचा आवरत उभीच.

"सासूबाईंच्या म्होरं कधी एवढी वाकली न्हाईस, आता वाक," तुम्ही म्हणालात. "पोटावर आल्याबिगर ह्यो कुनाला काय दावत न्हाई."

सरपटत कडेशी गेलो. मी डोकं बाहेर काढलं, आणि जमीन संपली होती. आक्का, मला अजून त्यासाठी शब्द नाही. खाली एक घार फिरत होती आणि मी तिची पाठ बघत होते. घारीचं पोट जन्मभर पाहिलं होतं, पाठ कधी पाहिली नव्हती. तिच्या पाठीवर ऊन पडलं होतं. तिच्याही खाली, किती खाली ते सांगता येत नाही, कोकणातलं रान होतं, शेवाळासारखं. माझ्या छातीखालचा दगड गार होता आणि माझं काळीज त्या दगडावर आपटत होतं, ते मला दगडातून ऐकू येत होतं.

मग खालून धुकं वर आलं. पांढरं, दाट, न बोलता. कड्याच्या तोंडाशी येऊन थांबलं. आपल्या पाठीमागं सूर्य वर आला होता. आणि त्या धुक्यात आपल्या दोघींच्या डोक्यांच्या सावल्या पडल्या आणि सावलीभोवती रंगांचं खळं उमटलं. अर्धं नाही, पुरतं गोल. इंद्रधनुष्य गोल असतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. येणारी माणसं त्याला इंद्रवज्र म्हणतात. तुम्ही खळंच म्हणायचा, चंद्राला पडतं तसं.

मी कुजबुजले, "आक्का, माझ्या डोक्याभोवती हाय!"

"तुझ्या कुठं? माझ्या डोक्याभोवती हाय."

"न्हाई ओ, नीट बघा, माझ्या."

"डोळं फुटलं का तुझं? सरळ माझ्याभोवती हाय की."

देवासारखं काही समोर उभं होतं आणि आपण दोघी जावा पालथ्या पडून भांडत होतो, जसं नळावर हंड्यासाठी भांडतात. खळं विरलं तरी आपलं मिटलं नाही. पुढं किती वर्षं भाजी निवडताना तुम्ही मध्येच म्हणायचा, "माझ्याच हुतं." मी म्हणायची, "माझ्या." तुमच्या दिराला वाटायचं शेताच्या बांधाचं चाललं आहे.

आता ते दुसरं.

मागची कारवी फुलली त्या साली उन्हाळ्यात तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला सोनईला गेलात. पावसाळा लागला की माणसं येणार, तुम्ही लवकर परत आला नाहीत तर त्यांना वाट मला सांगावी लागणार, ह्या भीतीनं मला घास जाईना. वाट मला ठाऊक होती. तुमच्यामागून मी तोवर कितीदा गेले होते. पण चार अनोळखी माणसं माझ्या तोंडाकडं बघत उभी आहेत, असं मनात आलं तरी माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

माळ्यावर पोळ्याचा रंग उरला होता, बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल. वर साय धरली होती. मी त्यात रॉकेल घातलं, दातणासारखी काडी चेचून कुंचला केला, आणि एका दुपारी एकटीच वर गेले. सात बाण काढले. त्यातले सहा, झाडांच्या बुंध्यांशी घट्ट बसलेल्या खडकांवर. सातवा ओढ्यात, वासराएवढ्या गोट्यावर, कारण तो सपाट होता आणि लांबून दिसत होता. ओढ्यातल्या दगडावर खूण करू नये, हे आपल्याकडं गुरं वळणाऱ्या लेकरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण बाण इतका नीट आला की मला तो पुसवेना. मी जन्मात पहिल्यांदा कुणाला काही सांगितलं होतं आणि तोंड उघडावं लागलं नव्हतं.

पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला पूर आला आणि गोटा फिरला. बाण कड्याच्या वाटेऐवजी घळीकडं झाला.

तुम्ही सोनईहून येऊन दोनच दिवस झाले होते, भाताच्या आवणीत होतात. पाच जण आले. त्यांतली एक चष्मेवाली पोरगी अंगणात येऊन म्हणाली, "वर जायला कुणी येईल का सोबत?" तुम्हाला शेतातून हाक मारायला दोनशे पावलं जावं लागलं असतं. मी डोंगराकडं हात केला आणि म्हणाले, "बाण हायेत."

एवढंच. दोन शब्द. ती गेली.

तुम्ही नेहमी निघताना प्रत्येकाच्या हातात एक वाळका हिरडा द्यायचा आणि खाली आल्यावर परत घ्यायचा. "फळं भरली की मानसं भरली," म्हणायचा. त्या दिवशी हिरडे डब्यातच राहिले. दुपारी तुम्ही चिखलाच्या पायांनी घरी आलात आणि मी तुम्हाला पाच माणसांचं सांगितलं. बाणाचं सांगितलं नाही. तुम्ही धुक्याकडं बघितलंत, पाणीही न पिता काठी घेतलीत आणि गेलात.

दिवस मावळायच्या आधी तुमची कूऽऽ ऐकू आली. त्या चष्मेवालीला पाठुंगळी घेऊन तुम्ही उतरत होतात, बाकीचे चौघं मागून येत होते. घळीत पाय घसरून तिचं डावं मनगट मोडलं होतं आणि घोटा सुजला होता. तुमच्यापेक्षा वीतभर उंच होती ती. तिचे पाय तुमच्या गुडघ्यांशी लोंबत होते. ती रडत होती आणि तुम्ही तिला दम देत होतात, "रडू नगंस, वजन वाढतंय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही कोयता घेऊन वर गेलात आणि बाण खरवडून आलात. गावात लोकांनी विचारलं, कुणी काढले, तर म्हणालात, "असतील कुना येड्यानं काढलं." संध्याकाळी चुलीशी बसून मात्र म्हणालात, माझ्याकडं न बघता, "मानसाला मानूस वाट दावतं. रंग न्हाई."

मी तुम्हाला उलटून बोलले नव्हते कधी. त्या दिवशी बोलले. "मानूस नसलं तर? तुमी नसला तर?"

"मग तू हायेस."

"मी न्हाई बोलनार."

तुम्ही फुंकणी उचललीत आणि चूल फुंकायला लागलात. आपलं भांडण तिथंच राहिलं. बाण मी काढले हे तुम्हाला ठाऊक आहे का, ते मला उमगलं नाही.

त्या पोरीचं नाव नंदा. कोपरगावची, दवाखान्यात नर्स आहे. मनगट बरं झालं आणि ती पुढच्या वर्षी परत आली, मग दर वर्षी. तुम्हाला मावशी म्हणायची, मला धाकटी मावशी. सात वर्षं ती माझ्या हातची भाकरी खाते, आणि मी वाढताना तिच्या मनगटाकडं बघत नाही. ते जरा वाकडं बसलं आहे. मी न बघताही मला दिसतं.

गेल्या आठवड्यात तुमचा मोबाईल वाजला. तो फळीवर तसाच होता, मीच चार्जिंगला लावत होते. का लावत होते, माहीत नाही. नंदा होती. कारवी फुलली का, म्हणाली, तिघी मैत्रिणींना घेऊन येते. मग म्हणाली, "मावशीला द्या ना." मी तिला सांगितलं. ताप कधी आला, किती दिवस होता, सगळं तिनं विचारलं. शेवटी ती म्हणाली, "आम्ही येऊ का तरी?" मी म्हणाले, "या."

घरात ह्यांनी, म्हणजे तुमच्या धाकट्या दिरानं, पोळ्याचा उरलेला लाल डबा माळ्यावरून काढला. "आता वैनी न्हाईत. मानसं तर येनार. बाण काढून टाकतो," म्हणाले.

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"बाण नगं," मी म्हणाले. "मी जाते."

"तू? आन बोलनार कोन?"

"मीच."

ह्यांनी डबा परत माळ्यावर टाकला. मग म्हणाले, "थोडं पानी पी आधी."

चौघींना मी हिरडे दिले. चारही परत आले, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही काळजी करणार नाही. तिघी नव्या होत्या. एक म्हणाली, "आमच्याकडं उंच म्हणजे ऊस. त्याच्यावर काय बघितलं नाही." हिरडीच्या माळापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. तुमची काठी बोलत होती, टक टक. कारवीत शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर फुलं होती. आमच्या खांद्यांना मध लागला. उसाचं बोलणारीनं तो बोटानं चाटून बघितला.

मग ओढा आला. सात वर्षांत मी वरची वाट तुडवली नव्हती, ओढ्याशी तर गेलेच नव्हते.

तो गोटा तिथंच होता. आणि बाण तसाच. सहा बाण तुम्ही खरवडलेत आणि हा सातवा ठेवलात. फिका झाला होता, पण घळीकडं नीट बोट दाखवत होता. 

तिघी पाण्यात पाय घालून बसल्या. नंदा माझ्याजवळ उभी होती. मी काठी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, "नंदाबाई, ह्यो बाण मी काढला हुता. त्या साली. आन बाण हायेत म्हनून मीच सांगितलं. तुमचं मनगट माझ्यामुळं मोडलं."

आक्का, एका दमात इतके शब्द मी कुणाला बोलले नव्हते. 

नंदा म्हणाली, "माहितीये."

ती वाकली, ओढ्यातून एक खडा उचलला आणि बाणावर ठेवला. मग दुसरा.

"दर वर्षी मावशी इथं थांबायच्या," ती म्हणाली. "सगळ्यांना खडा ठेवायला लावायच्या. बाण झाकायचा. पावसाळ्यात ओढा खडे नेतो, की पुढच्या वर्षी परत. यंदा त्या आल्या नाहीत, म्हणून उघडा पडलाय. मी एकदा विचारलं, खरवडून का नाही टाकत? तर म्हणाल्या, 'माझ्या जावेनं काढलाय त्यो. बाण चुकला न्हाई, दगूड फिरला.'"

नंदानं तिसरा खडा ठेवला.

"आणखी म्हणाल्या, 'तिला वाट समदी ठावं हाय. तोंड तेवढं उघडायचंय. उघडंल तवा ती सोताच सांगंल, तू इचारू नगंस.' म्हणून मी विचारलं नाही. आणि मनगटाचं काय, मनगट मोडलं म्हणून मावशी भेटली. नाहीतर एवढं चढायला दुसऱ्यांदा कोण येतंय?"

आक्का, मला तुमचा राग आला. तिथंच, ओढ्यात उभी राहून. सात वर्षं तुम्हाला ठाऊक होतं आणि मी रोज तुमच्यासमोर बसून पीठ मळत होते. एकदा म्हणाला असतात, धाकले, मला ठाऊक हाय, तर माझ्या छातीवरचा गोटा तेव्हाच उतरला असता. तुम्ही वाट बघत बसलात. जनावर पाण्याशी आपणहून येईल म्हणून बसतात तसं. आणि मी आले तेव्हा तुम्ही नव्हता. मग त्या रागातच मी वाकले आणि खडा उचलला. सगळ्यांनी मिळून बाण झाकला. तुमचा शेवटचा खडा कोणता होता, तो ओढ्यानं कुठं नेला असेल, असं मनात येत होतं.

तिथून पुढं मी बोलत होते. "हे शेकराचं घरटं. हे जुनं." मान वर न करता. आणि ते तिथं होतं.

कड्याच्या अलीकडं पन्नास पावलांवर मी बूट काढायला लावले. उसाचं बोलणारीनं हात जोडले. मी म्हणाले, "देव न्हाई हितं. पायाला दगूड कळाया पायजे." तुमचा आवाज माझ्या तोंडातून आला, मीच दचकले. मग सगळ्यांना पालथं केलं. एक जण म्हणाली, "अहो मावशी, नवी पॅन्ट आहे." मी म्हणाले, "तिलाबी दावा कडा."

आम्ही डोकी बाहेर काढली. घार नव्हती. खाली फक्त पांढरं होतं, भरलेलं, काठोकाठ. मला वाटलं, आज काही नाही. पण मी तुमच्यासारखी थांबले. पाठीवर ऊन चढू लागलं. धुकं जरा खाली बसलं, आणि पाच डोक्यांच्या सावल्या पडल्या, आणि खळं उमटलं. आक्का, तेच. पुरतं गोल. इतक्या वर्षांनी मी पुन्हा पाहिलं, जणू मी कधी पाहिलंच नव्हतं.

"बाई गं! माझ्या डोक्याभोवती आहे!" उसाचं बोलणारी ओरडली.

"तुझ्या कुठं, माझ्या!"

"ए, नीट बघा, मधल्या सावलीभोवती आहे, ती माझी आहे."

नंदा हसत म्हणाली, "मला माझ्याच दिसतंय. दर वेळी."

मी समोर बघितलं. माझ्या डोक्याभोवती होतं. त्यांच्या सावल्या मला दिसत होत्या, शेजारीच, साध्या, काळ्या. रंग एकीलाही नव्हता. आणि त्या चौघी शपथेवर सांगत होत्या.

आक्का, आपण दोघी खरं बोलत होतो. ज्याला त्याला आपलंच दिसतं. दुसऱ्याचं दिसत नाही, कितीही जवळ पडून बघितलं तरी. एवढी वर्षं भांडलो आणि दोघी बरोबर होतो, हे तुम्हाला सांगायला मी डावीकडं वळले, तुम्ही पडायचा त्या बाजूला.

तिथं दगड होता, उन्हानं जरा कोमट झालेला. धुक्यात त्या जागी सावली नव्हती. मी पुष्कळ वेळ तिकडं बघत होते. मग माझ्या ध्यानात आलं की मी उगीच बघते आहे. तुमच्या डोक्याभोवतीचं खळं तुम्ही होतात तेव्हाही मला कधी दिसलं नव्हतं. तरी ते होतं.